पर्यावरणपूरक ऑइल तपासताय? मग या चुका टाळा

करंजाचं, एरंडाचं, सिंथेटिक एस्टरचं (आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनवलेलं) अशी यंत्रांत घालायची 'हिरवी' वंगण ऑइल हल्ली महिन्याला दोन-तीन तरी टेस्टिंगला येतात. आणणारा माणूस बहुतेक घाईत असतो. "सर, फोर बॉलचा आकडा द्या, बाकी नंतर बघू." हे 'बाकी' पुढे मशीनवर वसूल होतं, आणि तेव्हा फोन मलाच येतो.

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो न धुतलेल्या पॉटवर.

फोर बॉल हे ऑइल झीज किती रोखतं ते मोजायचं मशीन. त्यात तीन बॉल ऑइलच्या भांड्यात, म्हणजे पॉटमध्ये, घट्ट बसवलेले आणि चौथा त्यांच्यावर फिरणारा. नेहमीच्या वेअर टेस्टला ४० किलो लोड, १२०० आरपीएम, ७५ अंश, एक तास. मग खालच्या तिन्ही बॉलवर पडलेला घासल्याचा डाग, म्हणजे स्कार, मायक्रोस्कोपखाली मोजायचा. स्कार लहान तर ऑइल चांगलं, एवढं सगळ्यांना पाठ असतं.

एका जुलैत एका पार्टीचं करंज तेलावर बनवलेलं गिअर ऑइल आलं. टेस्ट लावली ती नुकत्याच रुजू झालेल्या एका इंजिनिअर पोराने. स्कार ०.३६ मिलिमीटर! पोरगं खूश, पार्टी त्याहून खूश. मला तो आकडा पचेना. अ‍ॅडिटिव्ह (ऑइलचा गुण वाढवणारं रसायन) जेमतेम टाकलेलं ऑइल एवढं कसं काय चमकतंय? विचारलं, "पॉट कशाने धुतलास?" म्हणाला, "पुसला ना सर, स्वच्छ." पांढऱ्या फडक्याचं टोक पिळून लॉक नटच्या आट्यांत फिरवलं. बाहेर आलं ते तपकिरी, आणि वास गंधकाचा. आदल्या दिवशी त्याच पॉटमध्ये ईपी, म्हणजे अतिदाब सोसणाऱ्या, गिअर ऑइलची वेल्ड लोड टेस्ट (बॉल एकमेकांना वितळून चिकटेपर्यंत लोड वाढवायची) झाली होती. आट्यांत उरलेलं गंधक-फॉस्फरसचं अ‍ॅडिटिव्ह करंजात उतरलं होतं. पॉटमध्ये ऑइल मावतं जेमतेम दहा मिली, त्यात दोन-चार थेंबही भारी पडतात. सगळं सुटं करून धुतलं आणि नवे बॉल घालून तीनदा टेस्ट लावली. तिन्ही वेळा ०.५८ च्या आसपास. पार्टीचं म्हणणं काय, तर "मग पहिलाच रिपोर्ट द्या ना!" दिला नाही. ती पार्टी परत आली नाही, चालायचंच.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली. पॉट, नट, चक (वरचा बॉल धरणारा) सगळं सुटं करायचं, हेप्टेनने दोनदा धुवायचं, शेवटी अ‍ॅसिटोन, आणि सुकेपर्यंत हात लावायचा नाही. ईपीचं सँपल होऊन गेलं की मध्ये एकदा बिनअ‍ॅडिटिव्हचं पांढरं मिनरल ऑइल चालवून बघतो. त्याचा नेहमीचा स्कार माझ्या वहीत आहे. त्यापेक्षा लहान आला की पॉट अजून घाण आहे. यात दीड तास जातो. ज्याला तो जड वाटतो, त्याने टेस्टिंगच्या फंदात पडू नये.

आणि आकडा खरा असला तरी हुरळून जाऊ नका. वनस्पती तेलातली फॅटी अ‍ॅसिड धातूला आपणहून चिकटतात, त्यामुळे नवं कोरं तेल फोर बॉलला बरंच बरं दिसतं. सहा महिन्यांनी त्याचं काय होणार, हे त्या एका तासात कळत नाही. तळणीच्या कढईला बाहेरून बसलेला चिकट थर घासून बघा, म्हणजे असंतृप्त तेल तापल्यावर पुढे काय होतं ते समजेल. व्हॉल्व्हमध्ये तेच होतं, फक्त तिथे तारेचा घासा पोचत नाही.

दुसरी दुखरी नस पाण्याची. एस्टरला पाणी आणि उष्णता मिळाली की तो फुटतो, आम्ल सुटतं, आणि टॅन, म्हणजे ऑइलमधल्या आम्लाचा आकडा, चढत जातो. मिनरल ऑइलवर हात बसलेली माणसं टर्बाइन ऑइलची जुनी टोस्ट टेस्ट (तापलेल्या ऑइलमध्ये ऑक्सिजन सोडून ते किती टिकतं ते बघायची) जशीच्या तशी एस्टरला लावतात. त्यात पाणी घातलेलं असतं. मग टॅन चढला की ऑक्सिडेशनच्या नावाने बोंब! अहो, ते ऑक्सिडेशन झालं की हायड्रोलिसिस, म्हणजे पाण्याने फुटणं, हे त्या टेस्टमधून कळणार कसं? दोन्ही वेगळं तपासा. ऑक्सिडेशनसाठी कोरडी टोस्ट. पाण्यासाठी ती कोल्ड्रिंकच्या बाटलीची टेस्ट : ७५ ग्रॅम ऑइल, २५ ग्रॅम पाणी, तांब्याची पट्टी, ९३ अंशावर ४८ तास बाटली उलटसुलट फिरत ठेवायची. शेवटी पट्टीचं वजन किती घटलं आणि पाण्याच्या थरात आम्ल किती उतरलं ते बघा. दिसायला पोरखेळ वाटतो, पण मला या टेस्टने फार वेळा वाचवलंय.

पावसाळ्यात सँपलचा कॅन उघडा ठेवणाऱ्यांशी मी बोलत नाही. आधी कार्ल फिशर मशीनवर ऑइलमधलं पाणी मोजायचं, मग बाकीचं.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. पोअर पॉइंट (ऑइल ज्या तापमानापर्यंत वाहतं तो) चांगला आला म्हणून कोल्ड स्टोरेजला ऑइल पाठवू नका. वनस्पती तेल थंडीत आठवडाभर ठेवलं की पोअर पॉइंटच्या वरच्या तापमानालाही गोठू शकतं, म्हणून बरणी भरून फ्रीझरमध्ये ठेवा आणि रोज वाकवून बघा. सील कोणत्या रबराचं आहे ते विचारा आणि त्याचाच तुकडा गरम ऑइलमध्ये बुडवून ठेवा, कॅटलॉगवर जाऊ नका. हायड्रॉलिक सिस्टिममध्ये जुनं मिनरल ऑइल दोन टक्क्यांवर उरलं असेल, तर तुम्ही तपासताय ती खिचडी.

'बायोडिग्रेडेबल'चंही तेच. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ३०१बी टेस्ट २८ दिवसांची असते, त्यात निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजतात आणि जास्तीत जास्त निघू शकेल त्याच्या ६० टक्क्यांची रेघ गाठावी लागते. बहुतेक जण रिपोर्ट दाखवतात तो बेस ऑइलचा, आणि विकतात अ‍ॅडिटिव्ह घातलेलं. गेल्या आठवड्यात एकाला म्हटलं, विकताय त्या डब्यातलं ऑइल पाठवा, २८ दिवस थांबा. म्हणाला, "सोमवारपर्यंत नाही का होणार?"