लिथियम ग्रीस पातळ राहते, तेल सोडते: छोट्या केटलवर या चुका टाळा

ग्रीस पातळ उतरले की पहिला संशय बेस ऑइलवर (ग्रीसमधल्या मूळ तेलावर) जातो. पण बहुतेक वेळा दोष तेलाचा नसतो. अल्कली (इथे लिथियम हायड्रॉक्साइड) मोजताना चूक झालेली असते, नाहीतर केटल (ग्रीस शिजवायचे भांडे) २०० अंशांपर्यंत नीट पोचलेलीच नसते. ही कसर शेवटी ग्रीस दळणाऱ्या मिलमध्ये भरून निघत नाही.

१०० किलोच्या बॅचचे उदाहरण घेऊ. सुमारे ८९ ते ९० किलो एसएन ५०० (बेस ऑइलची एक जात), ९ किलो १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक ॲसिड (बाजारात एचएसए, मूळ एरंडेलाचे) आणि लिथियम हायड्रॉक्साइड मोनोहायड्रेट. एचएसए आणि अल्कली मिळून साबण बनतो, आणि तोच तेलाला घट्ट करतो. या मापात साधारण एनएलजीआय २ (ग्रीसच्या घट्टपणाची श्रेणी) च्या आसपासचे ग्रीस मिळते. नॅफ्थेनिक तेल असेल तर साबण कमी लागतो, पॅराफिनिकला जास्त.

अल्कलीचा हिशोब

सगळ्यात जास्त बॅच इथेच बिघडतात. अनेकजण एचएसएच्या ॲसिड व्हॅल्यूवरून (फक्त मोकळ्या आम्लाला लागणाऱ्या अल्कलीच्या आकड्यावरून) अल्कली काढतात. एचएसएमध्ये काही भाग एस्टरच्या रूपात असतो आणि तोही अल्कली खातो, म्हणून दोन्ही मोजणारी सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू धरा. सूत्र सोपे आहे: एचएसए किलो × सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू × ०.०००७४८. व्हॅल्यू १८६ असेल तर ९ किलोला १.२५ किलो मोनोहायड्रेट लागते. त्यावर सुमारे २ टक्के जादा घ्या, म्हणजे १.२८ किलो. ॲसिड व्हॅल्यू १८० धरून काढले असते तर १.२५ ऐवजी १.२१ किलोच आले असते. हा ४० ग्रॅमचा फरक ग्रीसमध्ये मोकळे आम्ल ठेवतो: ग्रीस नरम राहते आणि ड्रॉप पॉइंटही (ग्रीस वितळून थेंब पडू लागतो ते तापमान) घसरतो.

फॉर्म्युल्यात नुसते 'लिथियम हायड्रॉक्साइड' लिहिलेले असेल तर ते निर्जल की मोनोहायड्रेट, हे आधी विचारा. निर्जलचे वजन धरून मोनोहायड्रेट टाकले तर अल्कली तब्बल ४३ टक्के कमी पडते. उघडी राहिलेली पिशवीही घात करते. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून वरचा थर कार्बोनेट होतो, म्हणजे वजन भरते पण ताकद भरत नाही. पिशवी घट्ट बांधा. पावडर हाताळताना गॉगल, हातमोजे आणि मास्क हवेतच. तिची धूळ डोळे आणि श्वासनलिका जाळते.

पाणी आणि फेस

निम्मे तेल आणि सगळे एचएसए ८० ते ८५ अंशांवर वितळवा. अल्कली साधारण पाचपट गरम पाण्यात पूर्ण विरघळवा (१.२८ किलोला ६.५ लिटर) आणि बारीक धारेने सोडा. केटल निम्म्याहून थोडीच जास्त भरलेली असावी, कारण फेस झपाट्याने चढतो. फेस वर आला की धार थांबवा, ढवळणे थांबवू नका.

पाणी उडाल्यावर, १३० अंशांच्या आसपास, नमुना काढून थंड करा, पेट्रोलियम ईथर-अल्कोहोलमध्ये हलवा आणि फिनॉल्फ्थॅलिन टाका. फिकट गुलाबी रंग आला तर पुढे जा. आला नाही तर आम्ल शिल्लक आहे. केटल ९५ अंशांखाली आणून थोडे अल्कलीचे द्रावण द्या आणि पाणी पुन्हा उडवा. १३० अंशांच्या तेलात पाण्याचे द्रावण कधीही ओतू नका. पाण्याची वाफ सुमारे १,७०० पट फुगते आणि उकळते ग्रीस माणसाच्या अंगावर येते.

जुन्या पद्धतीच्या कॅल्शियम कप ग्रीसला मात्र पाणी पूर्ण उडवण्याची सवय मारक आहे. तिथे थोडे पाणी साबणाची बांधणीच धरून ठेवते. सगळे उडवले की तेल वेगळे होते.

सर्वोच्च तापमान

२०० ते २०५ अंश, १० ते १५ मिनिटे. गंमत अशी की जॅकेटजवळचा थर्मामीटर २०५ दाखवतो तेव्हा मध्यभाग १८५ वरच असू शकतो. तापमापकाचे टोक (प्रोब) मालाच्या मधोमध हवे. डोळ्यांनीही ओळखा: धूसर, जड लगदा पारदर्शक आणि पातळ द्रव झाला पाहिजे. गाठी उरल्या असतील तर साबण वितळलेला नाही, आणि पुढे हेच ग्रीस दाणेदार होऊन तेल सोडते. थेट ज्वालेवर तळ करपतो, काळे कण येतात. थर्मिक फ्लुइडचे जॅकेट घ्या.

थंड करणे, मिलिंग

उरलेले गार तेल बारीक धारेने आणि सतत ढवळत द्या. एकदम ओतले तर साबण ठिकठिकाणी गोठतो. झिंकयुक्त ॲडिटिव्ह ८० अंशांखालीच टाका, फार गरम मालात ते विघटित होऊ शकते. मग कोलॉइड मिल, ८० मेशची जाळी. मिलिंगनंतर हवा अडकते, म्हणून डबे मापाने नव्हे, वजनाने भरा.

पेनिट्रेशन (शंकू ग्रीसमध्ये किती खोल रुततो, मिलिमीटरच्या दशांशात) २५ अंशांवर, ग्रीस ६० स्ट्रोक मळल्यानंतर मोजा. एनएलजीआय २ साठी २६५ ते २९५ हवे. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, कारण ताजे ग्रीस ठेवल्यावर थोडे घट्ट होऊ शकते. ग्रीस घट्ट असेल तर ३ टक्के तेल देऊन पुन्हा मिल करा. नरम असेल तर वरून एचएसए टाकून उपयोग नाही. जास्त साबणाची घट्ट बॅच करून त्यात मिसळा.