टेनिससाठी ताकद: सोलापुरातल्या हौशी खेळाडूंसाठी आठवड्यातले दोन दिवस

डबल्सच्या कुठल्याही ग्रुपमध्ये कुणाचं तरी कोपर दुखत असतंच. त्यावर आधी मलम येतं, मग पट्टा, आणि शेवटी नवी रॅकेट. रॅकेटचं वजन जेमतेम ३०० ग्रॅम आणि चेंडूचं ५८ ग्रॅमच्या आसपास. नुसत्या एवढ्या वजनानं कोपर सहसा बिघडत नाही. पाय वेळेवर पोचले नाहीत की फटका अंगापासून लांब आणि एकट्या हातानं मारावा लागतो. दीड तासात असे कितीतरी फटके झाले की हात कुरकुरायला लागतो. म्हणून इथला व्यायाम पायापासून सुरू होतो आणि मनगटाशी संपतो. जिममध्ये बहुतेक जण नेमकं उलटं करतात: छाती आणि दंड आधी, पाय वेळ उरला तर.

दुसरा मुद्दा ब्रेकचा. टेनिसमध्ये पळण्यापेक्षा थांबणं अवघड असतं. चार पावलं पळायचं, थांबायचं, मारायचं आणि परत मधे यायचं. थांबताना मांडी आणि पोटरी ताणली जात असतानाच जोर लावतात. सर्व्हिसनंतर पुढे फेकला गेलेला हात खांद्याच्या मागचे छोटे स्नायू असंच आवरतात. त्यामुळे खालच्या प्रत्येक व्यायामात वजन खाली नेताना मनात तीन अंक मोजायचे. वर येताना मोजायची गरज नाही.

आधी तीन चाचण्या

१. साधारण ४५ सेंमी उंचीच्या खुर्चीवर बसा. एक पाय पुढे उचला, हात छातीवर ठेवा आणि दुसऱ्या पायावर उठा. प्रत्येक पायावर निदान पाच वेळा. गुडघा आत झुकत असेल तर कुल्ल्याची बाजू कमजोर असू शकते.

२. भिंतीला दोन बोटं टेकवून एका पायावर उभे राहा आणि टाच पूर्ण वर उचला. किती वेळा जमतं ते मोजा. वीसच्या आत पोटरी थकली, किंवा दोन पायांत पाचपेक्षा जास्त फरक आला, तर पोटरीचे व्यायाम एकदाही चुकवू नका.

३. साइड प्लँक, म्हणजे कुशीवर होऊन एका कोपरावर आणि पावलाच्या कडेवर अंग सरळ उचलून धरणं, दोन्ही बाजूंना ३० सेकंद.

आकडे वहीत लिहून ठेवा, पुढे लागतील. ब्लडप्रेशर, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल, किंवा खेळताना छातीत दडपण येत असेल, तर वजन हातात घेण्याआधी डॉक्टरांना भेटा.

सामान

जिम लागतेच असं नाही. ५ आणि १० किलोच्या डंबेलच्या जोड्या, एक लांब रेझिस्टन्स बँड (व्यायामाचा रबरी पट्टा) आणि एक पायरी एवढ्यावर पहिले तीन महिने निघतात. डंबेल नसतील तर पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन पाण्यानं भरला की पाच किलो होतो आणि त्याला धरायला मूठही असते. लिटरची बाटली म्हणजे एक किलो. गुडघ्याखाली घालायला घडी केलेली चादर आणि एक जाड टर्किश टॉवेल हवा, आणि या दोन्ही गोष्टी सोलापुरात कुणाला विकत आणायला सांगायच्या!

तालमीत जाणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: जोर-बैठका चालतील का? चालतील, पण पुरणार नाहीत. बैठकीत टाचा उचलल्या जातात आणि भार मांडीच्या पुढच्या बाजूवर येतो. टेनिसमध्ये थांबवण्याचं बरंच काम कुल्ला आणि मांडीची मागची बाजू करते, ती उपाशी राहते. जोरांचंही तसंच. फोरहँड आणि सर्व्हिसमुळे छाती आणि खांद्याची पुढची बाजू आधीच भरपूर राबलेली असते, त्यात शंभर जोर घातले तर खांदे आणखी पुढे ओढले जातात. म्हणून ढकलण्याच्या प्रत्येक सेटमागे (सेट म्हणजे न थांबता केलेली एक फेरी) ओढण्याचे दोन सेट असा हिशेब ठेवा.

अंग मोकळं करणं: सहा-सात मिनिटं

दोन मिनिटं जागेवर हलकं पळणं, दहा साध्या बैठका, दोन्ही पाय पुढे-मागे आणि आडवे प्रत्येकी दहा वेळा झुलवणं, बँड छातीसमोर धरून पंधरा वेळा फाकवणं. ताणून धरण्याचे व्यायाम इथे नकोत, ते शेवटी.

पहिला दिवस

स्प्लिट स्क्वॉट. एक पाय पुढे, दुसरा अडीच-तीन फूट मागे, मागची टाच वर. मागचा गुडघा जमिनीला टेकेल-न टेकेल इतकं सरळ खाली जा. पुढच्या पायाची टाच रोवलेली आणि गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. सुरुवात बिनवजनानं, मग दोन्ही हातांत ५ किलो. गुडघ्याच्या वाटीखाली दुखलं तर बहुधा पावलं फार जवळ पडली आहेत. मागचं पाऊल आणखी अर्धा फूट मागे न्या आणि धड किंचित पुढे झुकवा.

एका हातानं रोइंग. डावा हात खुर्चीवर, पाठ सपाट, उजव्या हातात ७ ते १० किलो. कोपर खिशाच्या दिशेनं मागे न्या. वजन कानाकडे उचललं की मानेचा स्नायू काम करतो आणि पाठ आराम करते. ही चूक हमखास होते.

पोटरी. पायरीच्या कडेवर एका पायाचा चवडा ठेवा, टाच पायरीखाली जाऊ द्या आणि पूर्ण वर या. एक सेट गुडघा सरळ ठेवून, एक थोडा वाकवून, कारण पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत आणि वाकलेल्या गुडघ्यात खालचा जास्त राबतो. चाळिशीनंतर हार्ड कोर्टवर पुढे झेप घेताना पोटरी फाटण्याचा धोका खरा आहे. मागून कुणीतरी चेंडू मारला असं वाटतं, वळून पाहावं तर कुणीच नसतं. तसं झालं तर खेळ तिथेच थांबवा. त्या पायाच्या चवड्यावर उभंच राहता येत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, टाचेची शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा दोर, तुटलेली असू शकते.

खांदा बाहेर फिरवणं. कुशीवर झोपा. वरच्या हाताचं कोपर ९० अंशात, कोपर आणि बरगडीच्या मधे गुंडाळलेला टॉवेल. हातात अर्धा लिटरची बाटली, जास्तीत जास्त एक किलो. पुढचा हात छताकडे फिरवा आणि तीन सेकंदांत खाली आणा. टॉवेल पडला म्हणजे कोपर सुटलं. इथे मोठ्या वजनाची हौस करू नका. पाच किलो घेतलेत की छोटे स्नायू बाजूला राहतात, पाठ वळते आणि ज्याच्यासाठी आडवं झालो तेच होत नाही.

शेवटी साइड प्लँक, दोन्ही बाजूंना दोनदा.

दुसरा दिवस

रोमानियन डेडलिफ्ट. सगळ्या यादीतला एकच व्यायाम करायचा म्हटलं तर हा. पाय कमरेइतके फाकवून उभे राहा, दोन्ही हातांत वजन. गुडघे किंचित सैल ठेवा आणि मागे असलेलं दार ढुंगणानं ढकलायचंय असं समजून कंबर मागे न्या. वजन मांडीला घासत नडगीच्या मध्यापर्यंत जाईल. मांडीच्या मागे ताण आला की थांबा आणि वर या. पाठीला बाक आला तर वजन नव्हे, खाली जाण्याचं अंतर कमी करा. शिकताना डोकं, पाठ आणि माकडहाड या तीन ठिकाणी टेकेल अशी काठी पाठीवर धरा. वाकताना काठी एका जागीही सुटता कामा नये.

बाजूचा लंज. लांब पाऊल बाजूला, त्या पायावर बसा, दुसरा पाय सरळ, आणि ढकलून परत मधे. बाजूला लांब गेलेल्या चेंडूवरून मधे परतण्याची हीच हालचाल आहे. मांडीच्या आतल्या बाजूला दुखत असेल तर पाऊल लहान करा.

बँड पुढे ढकलणं. बँड खिडकीच्या भक्कम गजाला छातीच्या उंचीवर बांधा आणि गजाकडे कूस करून उभे राहा. दोन्ही हातांनी बँड छातीशी धरून सरळ पुढे ढकला आणि दोन सेकंद थांबा. बँड अंगाला पिळू पाहतो, तुम्ही पिळू द्यायचं नाही. क्रंचेस घालून कंबर वाकवण्यापेक्षा हे सर्व्हिसला जास्त कामी येतं.

जोर. साधे पुशअप, दोन सेट, बस्स. त्यांच्या जोडीला बँड दाराच्या कडीला अडकवून तोंडाकडे ओढण्याचे चार सेट, प्रत्येकी पंधरा.

मनगट. पुढचा हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. एक किलोची बाटली दुसऱ्या हातानं वर उचलून द्या आणि दुखऱ्या बाजूच्या मनगटानं चार सेकंदांत खाली सोडा. पंधरा वेळा, तीन सेट. मनगट मागे वळवणारा स्नायू एका शिरेनं कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटतो, आणि टेनिस एल्बोचं दुखणं तिथलंच. त्या शिरेला पूर्ण आराम दिला तर ती आणखी नाजूक होते. तिला मोजका, हळू वाढणारा भार हवा असतो. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी शांत झालं तर चालेल. सकाळी चहाचा कप उचलताना कळ आली तर वजन अर्धं करा. दुखणं ताजं असेल तर आधी आठवडाभर टॉवेल घ्या: त्याची गुंडाळी दोन्ही हातांत धरा, पिळायला लागा आणि पिळलेल्या स्थितीत ३० सेकंद धरून ठेवा. असं चार वेळा. रॅकेटच्या तारांचा ताण २५-२६ किलो असेल तर २२-२३ वर आणा आणि जुने, मेलेले चेंडू फेकून द्या. त्यांना जोर लावायला हातच लागतो.

किती, कधी, कसं वाढवायचं

दोन सत्रांत निदान ४८ तास हवेत. शनिवार-रविवार सकाळी खेळणाऱ्यांनी सोमवार आणि गुरुवार धरावा. रोज खेळत असाल तर खेळून झाल्यावर त्याच दिवशी संध्याकाळी व्यायाम करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी पायांवर खेळाखेरीज वेगळा भार पडत नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी पायांचा व्यायाम नको.

पहिले तीन आठवडे प्रत्येक व्यायामाचे दोन सेट, बारा-बारा. चौथ्या ते आठव्या आठवड्यात तीन सेट, आठ ते दहा. नवव्यापासून पायांच्या आणि पाठीच्या व्यायामांत वजन वाढवून सहा ते आठ. खांदा आणि मनगट मात्र कायम पंधरावरच, आणि जोर-बँडचे आकडे वर दिलेत तेच. दोन सेटच्या मधे दीड मिनिट बसा, मोबाईल हातात घेतला की त्याची पाच मिनिटं होतात. वजन असं निवडा की सेट संपताना आणखी दोन निघाले असते. सलग दोन सत्रांत ठरलेला आकडा सहज पुरा झाला तर एक ते अडीच किलो वाढवा.

उड्या आणि मेडिसिन बॉल (व्यायामाचा वजनदार चेंडू) नवव्या आठवड्याआधी नकोत. मग दोन किलोचा बॉल भिंतीवर कडेनं, फोरहँडसारखा, प्रत्येक बाजूला आठ वेळा फेका. जोर मागच्या पायातून आला पाहिजे. आणि छोट्या आडव्या उड्या, एका पायावरून दुसऱ्यावर, आवाज न करता उतरत. धप्प आवाज आला म्हणजे पाय झेलत नाहीत, जमीन झेलतेय.

गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत किंवा लगीनसराईत एक आठवडा बुडाला तर पुढच्या आठवड्यात एक सेट कमी करून सुरू करा. बुडालेले दिवस एकदम वसूल करायला गेलात की कंबर धरते.

वयाची सबब सांगणाऱ्यांसाठी: रोहन बोपण्णानं २०२४ मध्ये ४३व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली आणि दुहेरीत जगात पहिला आला. गुडघ्यातली कूर्चा झिजलेली असताना अय्यंगार योगानं आपल्याला खेळत ठेवलं, असं तो स्वतः सांगतो.

खाणं आणि ऊन

७० किलोच्या माणसाला या व्यायामासोबत दिवसाला ८५ ते ११० ग्रॅम प्रथिनं पुरतात. दोन अंडी बारा ग्रॅम, वाटीभर उसळ सात-आठ, मोठा पेला दूध आठ. ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी उत्तम, पण चटणीच्या दोन मोठ्या चमच्यांत पाच-सहा ग्रॅमच प्रथिनं असतात आणि तेल भरपूर. प्रथिनांसाठी म्हणून चटणीची वाटी संपवू नका.

एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि पत्र्याच्या छताखालच्या जिममध्ये संध्याकाळी सहालाही भट्टी असते. या दिवसांत सत्र सकाळी सहाला उरका, तीनऐवजी दोन सेट करा आणि व्यायामानंतर मीठ घातलेलं ताक घ्या. व्यायामाच्या आधी आणि नंतर वजन काट्यावर बघा. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत साधारण दीड लिटर पाणी किंवा ताक पोटात जायला हवं. डोकं हलकं झालं, अंगावर काटा आला किंवा घाम अचानक थांबला तर सावलीत बसा, अंगावर पाणी ओता आणि त्या दिवशी पुन्हा वजनाला हात लावू नका. माणूस असंबद्ध बोलायला लागला तर वाट न पाहता दवाखान्यात न्या.

बारा आठवड्यांनी पुन्हा खुर्ची, भिंत आणि साइड प्लँक. वहीतला आकडा जिथे सरकला नसेल, तो व्यायाम पुढच्या खेपेला सत्राच्या सुरुवातीला घ्या.