एमआरआयवर दुर्मिळ ब्रेन ट्यूमर ओळखायचा कसा

रेडिओलॉजीत नव्याने लागलेल्यांसाठी लिहितेय. गोव्यातल्या सत्तरी, काणकोण तालुक्यांतून माणसं पहाटेची कदंबा बस धरून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात येतात आणि आपल्या एका पानाच्या रिपोर्टवर अख्खं घर डोळे लावून बसलेलं असतं, म्हणून गाठ दिसली की लगेच नाव देऊन मोकळं व्हायचं नाही.

आधी वय आणि जागा बघा, अर्धं काम तिथेच होतं. विशी ते चाळिशीतला पेशंट, गाठ लॅटरल व्हेंट्रिकलमध्ये (मेंदूतली पाण्याची पोकळी) सेप्टम पेल्युसिडमला, म्हणजे मधल्या पातळ पडद्याला, चिकटलेली आणि टी-२ वर (पाणी पांढरं दाखवणारा एमआरआय सीक्वेन्स) साबणाच्या फेसासारखी, तर सेंट्रल न्यूरोसायटोमा डोक्यात आलाच पाहिजे. लहानपणापासून फिट येतात, कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या वरच्या थरात, बुडबुडे दिसतात पण बाजूला सूज नाही, मग डीएनईटी (डिसएम्ब्रिओप्लास्टिक न्यूरोएपिथेलियल ट्यूमर, फिट आणणारी सौम्य गाठ). सेरेबेलममध्ये (लहान मेंदूत) वाघासारखे पट्टे दिसले तर लर्मिट-डुक्लो ही तिथली दुर्मिळ गाठ, आणि मोठ्या माणसात हे दिसलं तर काउडेन सिंड्रोमचा (कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक आजार) विचार करून ब्रेस्ट आणि थायरॉइड तपासायला रिपोर्टमध्ये नक्की सुचवा.

मग डिफ्यूजन, म्हणजे पाण्याचे रेणू किती मोकळे फिरतात ते दाखवणारा सीक्वेन्स. हे कधीच सोडू नका! अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट (पाण्याची पिशवी) आणि एपिडर्मॉइड (त्वचेसारख्या पेशींची गाठ) दोन्ही टी-१, टी-२ वर पाण्यासारखेच दिसतात, पण डिफ्यूजनवर एपिडर्मॉइड चमकतो आणि सिस्ट काळीच राहते.

कॉन्ट्रास्ट द्यायच्या आधी किडनीसाठी क्रिएटिनिन बघायचं, हे माहीतच असेल.

आता आपल्याकडची खास गोष्ट. रिंगसारखं चमकणारं काही दिसलं की ट्यूमर म्हणायची घाई नको, आपल्या देशात टीबीची गाठ आणि न्यूरोसिस्टिसर्कोसिस (मेंदूत फीतकृमीच्या अळीची सिस्ट) दोन्ही भरपूर. सिस्टच्या आत कडेला बारीक ठिपका दिसतो का बघा, तो कृमीचं डोकं असतो. स्पेक्ट्रोस्कोपीत (गाठीतली रसायनं दाखवणारी एमआरआय तपासणी) १.३ पीपीएमला लिपिडचा, म्हणजे चरबीचा, उंच पीक आणि बाकी फारसं काही नाही, तर टीबीकडे झुका.

लिम्फोमाची (पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर) शंका आली, म्हणजे एकसंध चमकतोय आणि डिफ्यूजनही अडलंय, तर रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबू नका, वॉर्डला फोन करा. स्टिरॉइडने ही गाठ विरघळल्यासारखी होते आणि मग बायोप्सीत काही हाती लागत नाही, त्यामुळे जिवावर बेतलं नसेल तर आधी बायोप्सी.

शेवटचं नाव पॅथॉलॉजीच देणार, २०२१च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात तर बऱ्याच ट्यूमरना जीन टेस्टही लागते. आपण दोन-तीन शक्यता क्रमाने लिहायच्या, कारणासकट. आणि नातेवाइकांकडे जुनी सीडी मागा, ते बहुतेक वेळा नुसता कागद आणतात आणि सीडी घरी कपाटात पडून असते.