सिल्की पाळताय? मग आधी खुडूक कोंबडी समजून घ्या

सिल्की घ्यायच्या विचारात असाल तर एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. ही अंड्यांच्या धंद्याची कोंबडी नाही. वर्षाला शंभर-सव्वाशे अंडी, तीही लहान. पंधरा-वीस अंडी घातली की ती खुडूक बसते, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसते. पिल्लं फिरवून मोकळी झाली, पुन्हा थोडी अंडी दिली, की पुन्हा खुडूक. मी आजऱ्याजवळ सहा वर्षं सिल्की पाळतेय, आणि या सवयीमुळेच ती मला सगळ्यात जास्त आवडते.

सुरुवात चार पिल्लांपासून केली. विकणाऱ्याने तीन माद्या आणि एक नर म्हणून दिली, मोठी झाल्यावर दोन नर निघाले. सिल्कीत चार-पाच महिन्यांआधी नर-मादी नीट कळत नाही. म्हणून नवख्या माणसाने थोडे पैसे जास्त गेले तरी अंड्यावर आलेली मादीच घ्यावी.

ही मूळची चीनकडची जात. मार्को पोलोने तेराव्या शतकातच तिकडच्या मांजरासारखी लव असलेल्या काळ्या कोंबड्यांबद्दल लिहून ठेवलंय. पायाला पाच बोटं, कातडी काळी. पिसांचे धागे एकमेकांत अडकवणारे आकडे तिच्यात नसतात, म्हणून ती कापसासारखी मऊ लागते. त्यामुळेच पाणीही अंगावरून ओघळत नाही, आत मुरतं. आमच्याकडच्या जुलैच्या पावसात भिजलेली सिल्की तासाभरात गारठते. खुराड्याला चांगलं छप्पर आणि कोरडी जमीन हवीच. तिला उडता येत नाही, बसायची दांडी वीतभर उंच असली तरी पुरे. डोळ्यांवर आलेली तुऱ्याची पिसं कापत जा, नाहीतर तिला घार दिसत नाही.

आता खुडूकपणाचं. पहिल्या वेळी मला वाटलं कोंबडी आजारी पडली. घरट्यात पसरून बसलेली, नजर एका जागी, हात नेला की अंग फुलवून खालच्या आवाजात गुरगुरायची. खाली अंडं नव्हतं, नुसतं पिंजर, म्हणजे वाळलेला पेंढा. सासूबाईंनी तिला उचलून पोट दाखवलं. पिसं झडून कातडी उघडी पडलेली, हाताला गरम लागत होती. त्या म्हणाल्या, "अगं, खुडूक हाय ती. अंडी ठेव खाली." प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलं की अंडी घालणं थांबतं आणि बसायची ओढ लागते. दिवसातून एकदाच उठते, घाईघाईने खाते, मोठी घाण वास मारणारी विष्ठा टाकते आणि परत जाऊन बसते.

त्या रात्री तिच्याखाली कडकनाथची सहा अंडी ठेवली. कडकनाथ कोंबडी सहसा स्वतः बसत नाही, आणि सिल्की बसायला कायम तयार. कातडीपासून हाडापर्यंतचा काळेपणा दोघींत एकाच जनुकीय बदलातून आलाय, म्हणून मला ही जोडी फार जवळची वाटते. किलोभराच्या सिल्कीखाली सहा-सात अंडी पुरेत. जास्त ठेवली की कडेची थंड पडतात. अंडी आठवड्याच्या आतली घ्या आणि रात्रीच सरकवा. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात धरून बघा. शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, स्वच्छ दिसलं तर काढा. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका. एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटतात.

माझी मोठी चूक दुसऱ्या वर्षी झाली. दोन सिल्की एकाच बुट्टीत बसल्या आणि मी बसू दिल्या. बाकीच्या कोंबड्याही तिथेच येऊन अंडी घालत राहिल्या. कुठलं अंडं कधीचं, काही कळेना. तीन पिल्लं फुटली तशा दोघी त्यांच्यामागे उठल्या, आणि आत जीव धरलेली पाच अंडी थंड झाली. एकाला तर आतल्या पिल्लाने टोचाही मारला होता. तेव्हापासून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख लिहिते आणि खुडूक कोंबडी वेगळ्या डालग्यात ठेवते.

आणखी एक जपा. सिल्कीच्या पोटाखालची लांब लव पिल्लाच्या मानेभोवती गुंडाळते. मी एक पिल्लू तसं लटकलेलं पाहिलंय, वेळेत धागा कापला म्हणून वाचलं. पिल्लं फुटायच्या आधीच ती लव कात्रीने बारीक करा. आणि कोंबडी उचलताना आधी पंखाखाली हात फिरवा, काखेत अंडं किंवा पिल्लू अडकलेलं असतं.

बसलेल्या कोंबडीला उवा पटकन होतात, त्यामुळे बसवण्याआधी तपासा. दाणापाणी घरट्यापासून दोन पावलांवर ठेवा. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवसात राणीखेत रोगावरची लासोटा लस द्या. पावसाळ्यात खालचा भुसा ओला राहिला तर रक्ती हगवण लागते, म्हणून तो कोरडा ठेवा.

अंडी ठेवायची नसतील तर तिला रिकामं बसू देऊ नका. खाणं सुटून ती महिनाभरात हाडांवर येते. आमच्याकडे काही जण पाण्यात बुडवतात, नाकात पीस घालतात. कृपा करून हे करू नका. तळाला जाळी असलेला पिंजरा विटांवर उंच ठेवा, आत पिंजर नको, खाणं-पाणी भरपूर. पोटाखाली वारा लागला आणि घरट्याचा स्पर्श तुटला की तीन-चार दिवसांत ती भानावर येते. बाहेर काढल्यावर पुन्हा घरट्याकडे धावली तर अजून दोन दिवस ठेवा. साधारण दोन-तीन आठवड्यांत पुन्हा अंडं मिळतं.

माझी कमाई अंड्यांतून नाही, आईमागे वाढलेल्या पिल्लांतून होते. त्यांना बल्ब लागत नाही, आणि वीज गेली तरी रात्री जीवाला घोर नाही. आत्ता हे लिहिताना पांढरी सिल्की पडवीत बसलीय. कडकनाथची पाच पिल्लं तिच्या खांद्याला लागलीत, तरी डोकी तिच्या पोटाखाली खुपसून झोपलीत. शेपट्या सगळ्या बाहेर.