ई-इनव्हॉइस एमक्यूवरून जोडण्याआधीची तयारी

ही यादी चाकणकडच्या सुटे भाग बनवणाऱ्या मध्यम कारखान्यांसारख्यांसाठी. एका बाजूला ईआरपी, म्हणजे बिलं बनवणारं सॉफ्टवेअर, दुसऱ्या बाजूला जीएसटीच्या पोर्टलशी बोलणारा जावातला लिसनर, म्हणजे मेसेज उचलणारा प्रोग्रॅम, मध्ये आयबीएम एमक्यू: एकाने टाकलेला मेसेज (इथे एक बिल) दुसरा उचलेपर्यंत क्यूत, म्हणजे रांगेत, ठेवणारं सॉफ्टवेअर. या क्यू सांभाळतो तो क्यू मॅनेजर, आणि त्याच्यापर्यंत मेसेज येण्याची वाट म्हणजे चॅनल. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना व्यापाऱ्याला दिलेल्या बिलावर आयआरएन, म्हणजे पोर्टलने दिलेला बिलाचा नोंदणी क्रमांक, घ्यावाच लागतो. त्यामुळे हा जोड अडला की नुसते आयटीला मेल येत नाहीत, गेटवर भरलेले ट्रक उभे राहतात आणि डिस्पॅचवाले फोन करतात. गेल्या वेळच्या माझ्या यादीत सगळं होतं, फक्त बॅकआउट क्यू, म्हणजे पुन्हा पुन्हा अडणारा मेसेज बाजूला ठेवायची रांग, नव्हती. म्हणून ती इथे परत परत येणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

पोर्ट १४१४, फायरवॉल, क्यूंची नावं, डिस्क, बॅकअप: हे सांगायला नको. युजरबद्दल एक वाक्य. लिसनरला एमक्यूएम गटातला, म्हणजे एमक्यूच्या अॅडमिन गटातला, युजर देऊ नका. ७.१ आवृत्तीपासून असा युजर चॅनलवर मुळातच अडवला जातो, २०३५, म्हणजे ‘परवानगी नाही’ हा एरर, येतो, मग कोणीतरी वैतागून चॅनलची सगळी सुरक्षाच बंद करतं आणि ती पुढची पाच वर्षं बंदच राहते. अॅप्लिकेशनला स्वतःचा साधा युजर द्या, हव्या त्या परवानग्या द्या, विषय संपला.

आता बॅकआउट क्यू. समजा, एका बिलात नगांचा आकडा रिकामा आला. लिसनर मेसेज उचलतो, वाचताना एक्सेप्शन येतं, ट्रान्झॅक्शन रोलबॅक होतं आणि मेसेज परत क्यूच्या तोंडाशी येऊन बसतो. लिसनर पुन्हा तोच उचलतो. पुन्हा रोलबॅक. मागे शेकडो धडधाकट बिलं ताटकळत असतात आणि सर्व्हरकडे बघितलं तर सगळं हिरवं: प्रोसेस चालू, चॅनल चालू, सीपीयू तर जोरातच चालू. एमक्यू आपणहून यात काही करत नाही, कारण क्यूवरचं बीओथ्रेश (किती रोलबॅकनंतर बाजूला काढायचं) मुळात ० असतं आणि बीओक्यूनेम (बाजूला कुठे टाकायचं) रिकामं. शून्याचा अर्थ इथे ‘कधीच बाजूला काढू नकोस’ असा आहे. इतर मेसेजिंग सॉफ्टवेअरची सवय लागलेले लोक इथेच फसतात. अॅक्टिव्हएमक्यूमध्ये सहा वेळा परत देऊन झाला की मेसेज आपोआप डेड लेटरमध्ये, म्हणजे अडलेल्या मेसेजच्या वेगळ्या रांगेत, जातो, अझुर सर्व्हिस बस दहाला थांबते, रॅबिटएमक्यूच्या ४.० आवृत्तीत कोरम क्यूला (तिथला क्यूचा एक प्रकार) वीसची मर्यादा आहे. एमक्यू मात्र सांगितल्याशिवाय मेसेज इकडचा तिकडे करणार नाही.

तर सांगा त्याला. वेगळी क्यू बनवा, तिचं नाव बीओक्यूनेममध्ये घाला, बीओथ्रेश ३ किंवा ५ ठेवा. १ ठेवू नका, डेटाबेसला एक उचकी लागली तरी चांगलं बिल बाजूला पडेल. मग परवानग्या: लिसनरच्या युजरला मूळ क्यूवर इन्क्वायर हवी, नाहीतर त्याला थ्रेशहोल्ड वाचताच येत नाही, आणि बॅकआउट क्यूवर पुट हवी, नाहीतर मेसेज तिकडे टाकताच येत नाही. क्यू बनवून परवानगी विसरणं म्हणजे क्यू न बनवणंच. आणखी एक, जे मॅन्युअलमध्ये असूनही कोणी वाचत नाही: क्यू मॅनेजर स्वतः या दोन मूल्यांवर काहीच कारवाई करत नाही. जेएमएसची, म्हणजे जावाला मेसेज वाचून देणारी, लायब्ररी करते, म्हणून जावावाल्यांचं भागतं. पलीकडे सी किंवा कोबोलमधला प्रोग्रॅम असेल तर बॅकआउट काउंट, म्हणजे मेसेज किती वेळा परत आला ते, बघून मेसेज बाजूला टाकायचं काम त्या प्रोग्रॅमचं. तो लिहिणाऱ्याला विचारा. ‘हो, केलंय’ यावर विश्वास ठेवू नका, कोड दाखवायला सांगा.

कोणीतरी म्हणेलच, ‘डेड लेटर क्यू आहे ना.’ पहिली गोष्ट, ती वेगळी. क्यू मॅनेजरला जो मेसेज पोचवताच आला नाही, त्याच्यासाठी ती आहे. पोचलेला पण लिसनरला न पचलेला मेसेज हा बॅकआउट क्यूचा विषय. दुसरी गोष्ट, ती तरी आहे का ते बघा. सिस्टिम डेड लेटर क्यू नावाची एक तयार क्यू असते, पण क्यू मॅनेजरच्या डेडक्यू या रकान्यात तिचं नाव तुम्ही भरेपर्यंत तिचा काही उपयोग नाही.

कुठली चूक कुठे जाणार, हे अकाउंट्सवाल्यांबरोबर बसून आधी ठरवा. पिनकोड राज्याशी जुळत नाही म्हणून पोर्टलने बिल नाकारलं, तर ते रोलबॅकचं काम नाही. मेसेज संपवा, नकार ईआरपीला परत पाठवा, ज्याने बिल केलं त्याच्या स्क्रीनवर दिसू दे. पोर्टलच बंद असेल तर लिसनरने थांबायचं आणि काही मिनिटांनी परत बघायचं. हे केलं नाही तर पोर्टल दहा मिनिटं बंद पडल्यावर प्रत्येक चांगल्या बिलाचे तीन प्रयत्न काही सेकंदांत संपतात आणि सगळा ढीग बॅकआउट क्यूत. म्हणजे जिच्यासाठी एवढा आटापिटा केला, तीच कचराकुंडी होते. तिच्यात फक्त तेच यावं जे माणसाने डोळ्यांनी बघायला हवं.

दुबार बिलं. एमक्यूची ट्रान्झॅक्शन एमक्यूपुरती. पोर्टलला केलेला कॉल तिच्या बाहेर असतो. पोर्टलने आयआरएन दिला आणि उत्तर येता येता लाइन तुटली, तर लिसनर रोलबॅक करून तेच बिल परत पाठवणार आणि २१५० येणार, म्हणजे आयआरएन आधीच आहे. ६४ अक्षरांचा हा आयआरएन विकणाऱ्याचा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि क्रमांक यांवरूनच बनतो, त्यामुळे तो दुसरा निघणं शक्यच नाही. २१५० ही चूक समजू नका, आधीचा आयआरएन मागवा, ईआरपीला द्या, पुढे चला.

मुळात आलेली मूल्यं एकदा बघून घ्या. मॅक्सडेप्थ, म्हणजे एका क्यूत मावणारे मेसेज, ५०००. ऐकायला भरपूर वाटतं, पण लिसनर अडकला की महिनाअखेरीला भरायला वेळ लागत नाही. पुढचं नीट वाचा. क्यू भरली, बाहेरून चॅनलवरून येणारा मेसेज ठेवायला जागा नाही, डेडक्यू भरलेलं नाही, मेसेज पर्सिस्टंट, म्हणजे रीस्टार्टनंतरही जपायचा: चॅनल थांबतं. त्याच चॅनलवरून हजेरी आणि स्टोअर्सचे मेसेज येत असतील तर तेही थांबतात. एक रिकामा आकडा, आणि तीन विभाग बंद. बीओक्यूनेम भरलं का? मॅक्समेसेजलेंग्थ ४ एमबी असते आणि ती क्यू, चॅनल, क्यू मॅनेजर अशी तीन ठिकाणी वाढवावी लागते; बिलाबरोबर पीडीएफ जाणार असेल तरच याची काळजी. डेफपर्सिस्ट ‘नाही’ असतं. ईआरपीचा अडॅप्टर ‘क्यू म्हणेल तसं’ वर ठेवला असेल तर सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर वाटेतली बिलं गेली. ती कुठेही सापडत नाहीत, शोधू नका.

अक्षरं. पाठवणाऱ्याने मेसेजचा फॉरमॅट स्ट्रिंग म्हणून लावला नाही तर एमक्यू रूपांतर करतच नाही. दोन्ही बाजूंना सीसीएसआयडी, म्हणजे अक्षरसंचाचा क्रमांक, १२०८ (यूटीएफ-८) ठेवा. मराठी नावांमुळे अडेल म्हणून सगळे तेवढंच तपासतात. प्रत्यक्षात अडतं ते वस्तूच्या वर्णनातल्या व्यासाच्या खुणेवर, त्या गोलातल्या तिरक्या रेघेवर, आणि अंशाच्या चिन्हावर. पिना आणि बुश विकणाऱ्याच्या निम्म्या वर्णनांत ती खूण असते. मास्टरमधून अशी सगळी वर्णनं काढून तीच टेस्टला घ्या. सुरक्षित जोडणीचं टीएलएस सर्टिफिकेट कधी संपतं ते एकापेक्षा जास्त माणसांच्या कॅलेंडरवर टाका.

टेस्ट. चांगली हजार बिलं पळवून सही घेतात त्याला टेस्ट म्हणत नाहीत. मुद्दाम मोडका मेसेज पाठवा: नग रिकामे, अर्धवट तुटलेला जेसन (बिलाचा डेटा), नुसतं ‘हॅलो’. तीन प्रयत्नांनी तो बॅकआउट क्यूत गेला का? मागचं बिल लगेच पुढे सरकलं का? हे प्रॉडक्शनच्या युजरने, प्रॉडक्शनच्या परवानग्यांवर करा, कारण टेस्टच्या सर्व्हरवर सगळ्यांना सगळं चालतं. मग बॅकआउट क्यूची डेप्थ १ झाली की अलार्म. १०० वर नाही, १ वर. तो अलार्म कोणाच्या फोनवर जाणार, त्या माणसाचं नाव लिहा. ‘सपोर्ट टीम’ हे नाव नाही. तो माणूस रजेवर असेल तर कोण, तेही. आणि मेसेज बघून, दुरुस्त करून परत मूळ क्यूत कसा टाकायचा, ते त्याला एकदा समोर बसवून करायला लावा.

डीआर, म्हणजे संकटात वापरायचा दुसरा सर्व्हर, असेल तर तिकडेही याच क्यू, हीच मूल्यं, बीओथ्रेशसकट. स्क्रिप्ट एकच ठेवा, हाताने टाइप करू नका. तिकडे नेल्यावर चॅनलचे सीक्वेन्स नंबर जुळत नाहीत, रिसेट चॅनल लागतं. कमांड छापून ठेवा.

गो-लाइव्ह. महिनाअखेर नको, ३१ मार्च तर नकोच, शुक्रवार संध्याकाळही नको. ईआरपीतली बिलिंग थांबवा, आतापर्यंत बिलं ज्या एफटीपीने फाइल करून जात होती ती जुनी रांग रिकामी होऊ द्या, दोन्हीकडची संख्या जुळवा, मग चॅनल सुरू. पहिलं बिल एकटं जाऊ द्या, क्यूआर छापून येईपर्यंत दुसरं नको. पहिल्या दिवशी ईआरपीची बिलं, पोर्टलवरचे आयआरएन आणि बॅकआउट क्यूची डेप्थ दर तासाला, नंतर रोज एकदा. चुकीचं गेलेलं बिल रद्द करायला पोर्टल २४ तास देतं, त्यानंतर क्रेडिट नोट, म्हणून मोजणी दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

जुना एफटीपीचा जॉब नुसता बंद करू नका, क्रॉनटॅबमधून, म्हणजे सर्व्हरच्या ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांच्या यादीतून, काढा. सर्व्हर रीस्टार्ट झाला की तो परत उठतो आणि तीच बिलं पाठवायला लागतो.