फलन ठरवण्यापूर्वी प्रांत तपासा
दिलेला संबंध फलन आहे की नाही, म्हणजे पहिल्या संचातल्या प्रत्येक घटकाला दुसऱ्या संचातला एक आणि एकच घटक जोडला आहे की नाही, हे ठरवायला बसताना प्रांत (तो पहिला संच) आणि सहप्रांत (तो दुसरा संच) हे दोन्ही संच आधी कागदावर पूर्ण लिहून घ्यावेत. नुसत्या क्रमित जोड्या पाहून निर्णय देऊ नये. आलेख असेल तर पट्टी उभी धरून डावीकडून उजवीकडे सरकवावी. ती कुठेही दोन ठिकाणी छेदत असेल, तर पुढे पाहण्याचे कारण नाही; क्ष² + य² = २५ मध्ये क्ष = ३ असताना य ४ही येतो आणि −४ही.

इथवर सगळेच करतात. प्रांतातल्या प्रत्येक घटकाला जोडी मिळाली आहे का, हे मात्र पाहिले जात नाही, आणि मागच्या वेळी माझे गुण तिथेच गेले. म्हणून एकेका घटकावर बोट ठेवून त्याची जोडी दाखवावी. समजा प्रांतात चर्चगेट, दादर आणि कुलाबा आहेत, सहप्रांतात पश्चिम, मध्य आणि हार्बर हे उपनगरी रेल्वेचे मार्ग आहेत, आणि ज्या मार्गावर त्या ठिकाणचे स्थानक आहे त्याच्याशी जोडी लावायची आहे. दादर पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही मार्गांवर असल्याने संबंध बाद होतो, हे कोणालाही दिसते. दादर वगळले की सगळे ठीक वाटते. पण कुलाब्याचे स्थानक १९३०च्या अखेरीस बंद झाले, त्यामुळे कुलाबा जोडीविना राहतो आणि संबंध अजूनही फलन होत नाही. एक घटक जरी मोकळा राहिला तरी फलन नाही. उभी रेषा हा दोष पकडत नाही, कारण ती जास्तीच्या जोड्या शोधते, नसलेल्या नव्हे. २ घटकांच्या संचापासून ३ घटकांच्या संचाकडे ६४ संबंध होतात. त्यांपैकी कोणत्याही घटकाला एकाहून अधिक प्रतिमा, म्हणजे सहप्रांतातले जोडीदार, न देणारे १६ आणि फलने फक्त ९. प्रांत न तपासणारा उरलेल्या ७ संबंधांनाही फलन ठरवून मोकळा होतो! सूत्र दिले असले तरी सुटका नाही: सर्व वास्तव संख्यांच्या संचावर १/क्ष हे फलन नाही, कारण ०ला प्रतिमा नाही, ० वगळले की आहे.

सहप्रांतातले घटक उरले तर उरू द्यावेत, दोघांची प्रतिमा एकच आली तरी चालते. त्यावर वेळ घालवू नये. अपूर्णांक असल्यास रूप बदलून पाहावे: 'अंश अधिक छेद' हा नियम १/२ला ३ देतो आणि २/४ला ६, म्हणून बाद. तक्ता, बाणांची आकृती, पद्धत तीच. उत्तरात कारण एका वाक्यात लिहावे, आणि अडणाऱ्या घटकाचे नाव घेऊन. त्याआधी प्रांत पुन्हा एकदा पाहावा.