फिल्टर बदलूनही एअर लाइनमध्ये पाणी आणि तेल? या चुका टाळा

कॉम्प्रेसरच्या दाबाखालील हवेच्या लाइनमध्ये फिल्टरचे नवे एलिमेंट (आतला गाळणारा भाग) बसवल्यावरही हवेवर चालणाऱ्या सिलिंडरमधून पाणी निघते किंवा रंगकामावर तेलाचे डाग उठतात, तेव्हा दोष बहुधा फिल्टरच्या दर्जावर ढकलला जातो. प्रत्यक्षात चूक अनेकदा त्याच्या जागेची किंवा त्याच्याकडून केलेल्या अपेक्षेची असते.

कोअलेसिंग फिल्टर पाण्याचे आणि तेलाचे सूक्ष्म थेंब एकत्र करून खाली उतरवतो. वाफ मात्र त्यातून सरळ पुढे जाते. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, गरम हवेत तो बसवला, तर तेथे सारे ठीक दिसते आणि पुढे पाइप थंड झाला की तीच वाफ पाणी होऊन बाहेर पडते. म्हणून आधी आफ्टरकूलर (कॉम्प्रेसरमधून आलेली गरम हवा थंड करणारा) आणि वॉटर सेपरेटर (त्यातून सुटलेले पाणी वेगळे करणारा), मग कोअलेसिंग फिल्टर आणि त्यानंतर हवा सुकवणारा ड्रायर, हा क्रम राखावा. हवा थंड करून सुकवणाऱ्या रेफ्रिजरेटेड ड्रायरचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली वाफेचे पाणी होऊ लागते तो, साधारण ३ अंश सेल्सिअस असतो. पाइप त्याहून थंड जागेतून जात असेल, तर उणे ४० अंशांपर्यंत जाणारा डेसिकंट (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा) ड्रायर लागतो. त्यातील दाण्यांवर तेल चढले की ते ओलावा नीट शोषत नाहीत, आणि दाण्यांची भुकटी पुढे जाऊ नये म्हणून ड्रायरनंतर धुळीचा फिल्टर हवाच.

तेलाची वाफ आणि वास यांसाठी सक्रिय कार्बन वापरतात. तो संपृक्त झाला तरी फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातील फरक वाढत नाही, त्यामुळे हा फरक दाखवणाऱ्या गेजवर विसंबू नये. वापराचे तास मोजूनच तो बदलावा, आणि हवा गरम वा ओलसर असेल तर त्याहूनही लवकर.

इतर फिल्टरांवरही गेजचा काटा खाली आहे म्हणून निश्चिंत राहणे चुकीचे आहे. फरक अचानक शून्याजवळ आला, तर एलिमेंट फाटले आहे, ओ-रिंग (फट बंद करणारे रबरी कडे) सुटली आहे किंवा कोणीतरी हवा फिल्टरला वळसा घालून नेणारा बायपास व्हॉल्व्ह उघडा ठेवला आहे, असे समजून तपासावे. उलट, तुंबलेले एलिमेंट तसेच चालवणे महागात पडते : ७ बारच्या आसपास दाब १ बारने वाढवावा लागला, तर विजेचा खर्च सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी वाढतो.

फिल्टर उघडण्यापूर्वी मी ऑटो ड्रेनचे (साचलेले पाणी आपोआप बाहेर सोडणाऱ्या भागाचे) टेस्ट बटण दाबून पाहीन, कारण त्याला पानाही लागत नाही. ड्रेन चिकटला असेल तर फिल्टरखालचा बाउल भरतो, एलिमेंट पाण्यात बुडते आणि गोळा झालेले पाणी हवेबरोबर पुन्हा लाइनमध्ये जाते.